टॅमसिनची टाच आणि तळातलं पितळ

हेडली रोसेवेअर आमच्या पोर्थगोलन गावचा बसड्रायव्हर. ट्रुरो शहराची बस त्याने नोकरीभर चालवली आणि एकदाही वेळेआधी पोहोचवली नाही. निवृत्त झाल्यावर त्याने फायबरची एक जुनी शिडाची बोट घेतली. नाव ‘ग्वेनल’, म्हणजे आमच्या जुन्या कॉर्निश बोलीत पाकोळी. तिच्यातून दूर समुद्रातल्या सिली बेटांवर जायचं, एवढीच त्याची इच्छा होती. बायको टॅमसिन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिला बोटीचं काडीचंही कौतुक नव्हतं, पण नवरा एकटा गेला तर बिस्किटांवर दिवस काढेल, म्हणून तीही बरोबर जायची.

पहिल्याच उन्हाळ्यात ते खाडीच्या तोंडाबाहेर बरेच लांब गेले होते. बोटीतल्या बेसिनचं पाणी तळातल्या एका भोकातून बाहेर पडतं आणि त्या भोकावर एक तोटी बसवलेली असते. वाऱ्याने बोट कलली, तसं बेसिनमध्ये उलटं समुद्राचं पाणी चढायला लागलं. तोटी बंद करावी म्हणून हेडली खाली वाकला. त्याने दांडा फिरवला आणि तोटी मुळापासून तुटून त्याच्या हातात आली. भोकातून मनगटाएवढी पाण्याची धार वर उसळली.

टॅमसिन समोर बसून मटण-बटाट्याची पेस्टी खात होती. हेडलीने आवाज न चढवता तिला सांगितलं, “जरा इकडे ये. बूट काढ आणि टाच इथे दाबून धर.”

तिने टाच ठेवली. धार बऱ्यापैकी थांबली.

“किती वेळ?”

“बंदरात पोहोचेपर्यंत.”

“मग माझी पेस्टी दे इकडे.”

त्याने ती दिली. एक घास खाऊन झाल्यावर ती म्हणाली, “हेडली, मला पोहता येत नाही.”

इतक्या वर्षांचा संसार, घराच्या खिडकीतून समुद्र दिसतो आणि ही गोष्ट त्याला तेव्हा कळली. त्याने तिच्याकडे पाहिलं. “मग टाच हलवू नकोस,” म्हणाला आणि वर सुकाणूपाशी गेला. एरवी एका हाताने धरायचं ते सुकाणू आपण बंदर येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, असं त्याने मला पुढे एकदा सांगितलं. टॅमसिनला ते त्याने कधीच सांगितलं नाही.

बोट बंदरात आली तेव्हा टाच निळी पडली होती आणि पेस्टी संपली होती.

तुटलेला तुकडा घेऊन हेडली क्लेमोकडे गेला. धक्क्यावर बोटीच्या सामानाचं दुकान आहे ते याच क्लेमोचं. तुकडा बाहेरून छान पिवळा होता, पण तुटला होता तिथे आतून गुलाबी दिसत होता आणि नखाने भुगा होत होता. क्लेमोने सांगितलं की आधीच्या मालकाने घरगुती नळाचं पितळ लावलेलं दिसतंय. समुद्राचं पाणी पितळातलं जस्त हळूहळू काढून नेतं. मागे उरतं ते पोकळ तांबं, आणि वरून शेवटच्या दिवसापर्यंत काही समजत नाही.

मग निवड सुरू झाली. सेलिंग क्लबमध्ये सगळ्यांनी सल्ले दिले. कुणी म्हणालं, स्टेनलेस स्टील लाव. क्लेमोने मान हलवली. जिथे पाणी साचून राहतं आणि हवा पोहोचत नाही, तिथे स्टीलही आतून कुरतडलं जातं म्हणे. हेडलीचा जीव ब्राँझवर, म्हणजे तांबं आणि कथिलाच्या मिश्रधातूवर बसला होता. हातात घेतलं की वजन लागतं, असं तो सांगायचा. नमुन्याची एक ब्राँझची तोटी त्याने जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बाटलीशेजारी ठेवली. तिला रबरी नळी जिथे जोडतात तो तुकडा जरा जास्तच पिवळा आहे, हे टॅमसिनच्या लक्षात आलं. विचारल्यावर क्लेमोने कबूल केलं की तेवढा भाग पितळेचा असतो, सगळीकडे असाच विकतात, हवा तर ब्राँझचा मागवून देतो.

“म्हणजे दार लोखंडाचं आणि कडी बिस्किटाची,” टॅमसिन म्हणाली.

तिसरा पर्याय काचेचे धागे घातलेल्या नायलॉनचा होता. प्लास्टिक म्हटल्यावर हेडलीने तोंड फिरवलं. तेव्हा टॅमसिनने एका जाड फळीत तीन तोट्या बसवायला लावल्या. एक साध्या पांढऱ्या प्लास्टिकची, एक धाग्यांच्या नायलॉनची आणि एक ब्राँझची. क्लेमोच्या अंगणात ती एकेकीवर उभी राहिली. टॅमसिन अंगाने भरलेली बाई आहे. पांढरी तोटी काडकन तुटली आणि ती खडीवर बसली. उठून कपडे झटकले आणि दुसरीवर चढली. दुसरीला काही झालं नाही, तिसरीलाही नाही.

हेडली ब्राँझ उचलायला गेला, तशी ती म्हणाली, “तुझं ब्राँझ चांगलंय, मान्य आहे. पण ते झिजतंय का, जवळच्या धातूशी त्याचं जमतंय का, हे बघायचं कुणी? तुला तुझा चष्मा मी शोधून देते. समुद्राला जे खाताच येत नाही, ते लाव.”

हेडली दोन दिवस बोटीकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने सगळ्या भोकांना काळ्या नायलॉनच्या तोट्या बसवल्या आणि प्रत्येकीशेजारी त्याच मापाचं लाकडी बूच दोरीने बांधून ठेवलं. एखादी तुटलीच तर आता टाचेची गरज नव्हती.

त्या हिवाळ्यात टॅमसिन ट्रुरोच्या जलतरण तलावात पोहायला शिकली. हेडली काठावरच्या बाकावर कोट घालून बसायचा आणि ती पलीकडच्या टोकाला हात लावेपर्यंत तिच्यावरची नजर हटवायचा नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ते सिलीला जाऊन आले. टॅमसिनला जाताना-येताना सबंध वाट उलट्या झाल्या. बोटीत मात्र थेंबभर पाणी आलं नाही.

तेव्हापासून हेडली लहान हातोडी खिशात घालून धक्क्यावर फिरतो आणि बोट किनाऱ्यावर चढवलेली दिसली की तळाची फिटिंग ठोकून बघतो. लोक त्याला येताना पाहून केबिनचं दार लावून घेतात. गेल्या वसंतात एका वकिलाच्या जेमतेम पाच वर्षांच्या, चकचकीत बोटीची तोटी त्याच्या पहिल्याच ठोक्याला निखळून पडली, आतून गुलाबी. वकील अजून त्याच्याशी बोलत नाही. पण त्याच आठवड्यात त्याने सगळ्या तोट्या बदलून घेतल्या.