प्लास्टिकच्या दस्त्याची बंदूक

कास्तेलवेर्नो गावात लोरियानो माकेत्तीला नावानं हाक मारणारं माणूस एकच, त्याची बायको आर्जिया. बाकी सगळे त्याला 'प्लास्टिक' म्हणत, आणि तोही खुशाल ओ देई.

हे नाव पडलं बंदुकीवरून. रानडुकरं मारणाऱ्या आमच्या टोळीत जवळजवळ सगळ्यांकडे एकाच कारखान्याची, एकाच बनावटीची अर्धस्वयंचलित बंदूक. एक गोळी सुटली की दुसरी आपसूक नळीत येऊन बसते, आपण फक्त पुन्हा चाप ओढायचा. पण हीच बंदूक मिळायची दोन रूपांत. भारीतली घ्याल तर अक्रोडाचा दस्ता, बाजूला चंदेरी पत्र्यावर कोरलेलं धावतं डुक्कर आणि बोट टेकताच सुटणारा चाप. स्वस्तातली घ्याल तर काळं प्लास्टिक आणि त्यावर कारखान्याचा आकडा, बस्स. टोळीचा म्होरक्या आस्सुएरो भारीतली बाळगायचा. त्याचं बघून बाकीच्यांनीही ओढूनताणून अक्रोडच घेतला. लोरियानो मात्र दुकानातून काळं प्लास्टिक खांद्याला लावून आला, तेही शीळ घालत.

"अरे, ही बंदूक की बादली?" आस्सुएरोनं विचारलं होतं. दोघं बालपणापासूनचे दोस्त.

"डुकराला विचार," लोरियानो म्हणाला, "लाकडाची गोळी लागली का प्लास्टिकची."

आणि डुकरांनी उत्तर दिलं की! उन्हाळाभर बाटल्यांच्या बुचांसाठी बुचाच्या झाडांची साल काढणारा हा माणूस हिवाळ्यात ओकाच्या नाक्यावर उभा राहायचा. तो त्याच्या बापाचा नाका. हाकारे कुत्री घेऊन खालून रान उठवत आणि डुकरं पळत येत ती बहुतेक त्या जुन्या ओकाखालूनच. ह्या नाक्यावर टोळीतला सगळ्यात खात्रीचा नेमबाज लागतो. बापानंतर लोरियानो तिथे उभा राहिला आणि वर्षानुवर्षं कुणी ब्र काढला नाही. अक्रोडवाले हात चोळत बसायचे नि प्लास्टिक मटण आणायचं.

आता तव्याचं सांगायला हवं. आमच्याकडे नेम चुकण्याला 'तवा करणं' म्हणतात, कारण डुक्कर गेलं आणि तवा रिकामा राहिला. आमच्या टोळीत तर खराखुरा तवा आहे, लोखंडी, लांब दांड्याचा. हातातोंडाशी आलेलं डुक्कर ज्यानं घालवलं, त्यानं तो घरी न्यायचा आणि पुढच्या शिकारीपर्यंत दाराबाहेर खिळ्याला टांगायचा. दूध आणायला निघालेली म्हातारीसुद्धा बघते आणि हसते. त्या वर्षी मोसम अर्ध्यावर यायच्या आत लोरियानोच्या दाराचा खिळा तव्यानं झिजायची वेळ आली.

पहिल्यांदा लोक हसले. मग हसायचे थांबले, आणि ते जास्त वाईट. आर्जिया दरवेळी तवा राखेनं घासूनपुसून, तेलाचा हात फिरवून परत पाठवायची. "निदान घाणेरडा तरी जायला नको," म्हणायची.

"बंदूकच बिघडलीय गं," लोरियानो म्हणायचा. "स्वस्तातली ती स्वस्तातली. मीच मूर्ख."

ज्या बंदुकीसाठी सगळ्या गावाशी भांडला, तिलाच आता हा नावं ठेवत होता! खरं कारण त्याला ठाऊक होतं. गेल्या वसंतापासून तो ज्या वस्तूकडे रोखून बघायचा नेमकी तीच पुसली जायची. मधोमध राखाडी डाग आणि भोवती सगळं ठीक. तोंड जरा वळवलं की वस्तू कडेनं दिसायची. ताटातली भाजी, घड्याळ, आर्जियाचा चेहरा, सगळं तो आता असंच चोरून बघायचा. डॉक्टरकडे गेला नाही. डॉक्टर बंदुकीचा परवाना काढून घेईल, परवाना गेला की नाका जाईल, आणि नाका गेला की लोरियानोचं उरलं काय? बुचाच्या झाडांवर तर आता चढवतही नव्हतं.

शेवटी इवो म्हाताऱ्यानं विषय काढला: ओकाचा नाका दुसऱ्या कुणाला द्या. आस्सुएरोनं त्याला थोपवलं. "आधी बंदूक तपासू," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी दोघं दोस्त दोन्ही बंदुका घेऊन बंद पडलेल्या दगडखाणीत गेले.

आस्सुएरोनं वाळूची पिशवी मांडली, समोर पुठ्ठा लावला. आधी आपल्या अक्रोडानं झाडल्या, मग प्लास्टिकनं. जाऊन बघतो तर दोन्हींची भोकं एका तळहाताखाली झाकतील इतकी जवळ. आत तेच पोलाद, तीच नळी. चाप तेवढा प्लास्टिकचा थोडा जड होता.

"आता तू," तो म्हणाला.

लोरियानो बसला. पुठ्ठा दिसेना. त्यानं मान वाकडी केली, पुठ्ठा दिसला; नेम धरायला मान सरळ केली, पुठ्ठा गेला. प्लास्टिक झाडलं, अक्रोड झाडलं. पुठ्ठ्याच्या एका कोपऱ्याला जेमतेम ओरखडा आला.

"वारा आहे," लोरियानो म्हणाला.

खाणीत पानसुद्धा हलत नव्हतं. आस्सुएरोनं त्याची वाकडी मान बघितली होती. सगळं एका क्षणात त्याच्या लक्षात आलं.

"हो रे," तो म्हणाला, "आहे खरा वारा."

चूक झाली ती इथे, आणि ती दोघांची. नेम चुकण्याची आमच्याकडे इतकी लाज, की दोस्ताचे डोळे गेले हे बोलण्यापेक्षा बंदूक गेली म्हणणं त्या दोघांना सोपं वाटलं.

शनिवारी सकाळी शिकारघरात कॉफी चालली होती. आस्सुएरो सगळ्यांसमोर म्हणाला, "प्लास्टिकची नळी कामातून गेलीय. मी स्वतः बघितलं. तेव्हा आपला प्लास्टिक आज घरी बसेल."

त्याचा हिशेब सरळ होता: बंदूक नाही म्हणून आज बसेल, मग उद्या, मग हळूहळू सवय होईल, आणि दोस्ताची लाज राहील. पण लोकांचं काय? सगळ्यांना आधीपासूनच वाटत होतं ना की प्लास्टिक म्हणजे टाकाऊ माल!

"बघा! मी म्हणत नव्हतो?" कुणीतरी ओरडलं.

इवो म्हातारा तर खजील झाला. "मग ह्या बिचाऱ्याला शिक्षा कसली? उगाच बोललो मी. आस्सुएरो, तू तर आज वायरलेस घेऊन टोळीमागेच फिरणार. तुझी बंदूक दे त्याला!"

"दे, दे!" सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. आस्सुएरोचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं लोरियानोकडे बघितलं. आता ह्यानंच नको म्हणावं.

लोरियानोनं हात पुढे केला. काय म्हणावं ह्या माणसाला! पण खोटं इतक्या मायेनं समोर आलं की त्याचं त्यालाच ते खरं वाटायला लागलं. कुणी सांगावं, अक्रोडानं नेम लागेलही.

तो ओकाखाली जाऊन उभा राहिला. खालून कुत्र्यांचा कालवा सुरू झाला, वर आला, पलीकडे वळला. मग समोरच्या झुडपांत काहीतरी खसखसलं. जड, जमिनीलगत, थांबत थांबत वर येणारं. लोरियानोनं दस्ता गालाला लावला. लाकूड ऊबदार लागलं. समोर काळपट राखाडी गोळा हलत होता. बोट चापावर गेलं, आणि हा चाप प्लास्टिकचा नव्हता, नुसतं टेकायचा अवकाश.

आणि त्यानं मान वळवली. का वळवली, त्यालाही सांगता आलं नसतं. कदाचित भाजी, घड्याळ नि आर्जियाचा चेहरा बघायची सवय. डोळ्याच्या कडेला भडक नारिंगी दिसलं.

"कोण आहे?" तो किंचाळला.

"मी, काका! गोळी घालू नका हं!" झुडपातून नीवेस रांगत बाहेर आली. आस्सुएरोची एकुलती एक पोरगी, हाकाऱ्यांतली. अंगात नारिंगी जाकीट, कवेत डुकरानं फाडलेली कुत्री. "हिला शोधत आले. वायरलेसवर सांगायचं राहिलं. तुम्हीच आहात म्हटल्यावर मला भीती नव्हती."

लोरियानोनं बंदूक जमिनीवर ठेवली. नीवेसनंच ती रिकामी केली.

शिकार संपल्याचं शिंग वाजल्यावर सगळे शिकारघरात जमले. पाणकोता रटरटत होता, कांदा-टोमॅटोच्या त्या रश्श्यात पाव बुडवून खायला लोक दाटीवाटीनं बसले होते. लोरियानो सरळ भिंतीशी गेला आणि तवा काढून हातात घेतला.

"अरे, तू तर झाडलीच नाहीस," इवो म्हणाला. "तवा कशाला?"

"झाडली असती," लोरियानो म्हणाला. "आस्सुएरोच्या पोरीवर झाडली असती, आस्सुएरोच्याच बंदुकीनं. ऐका. प्लास्टिकचा काही दोष नाही. नळी चांगली आहे. माझे डोळे गेलेत. हे मला वसंतापासून माहीत आहे. तरी मी उभा राहिलो."

आस्सुएरो उठला. "मलाही माहीत होतं," तो म्हणाला. "खाणीत कळलं. मी खोटं बोललो. उद्यापासून दुसरा म्होरक्या बघा." आणि तो मोठा आडदांड माणूस दोन्ही हातांत तोंड घेऊन सगळ्यांसमोर रडला. नीवेस कुत्रीला टाके घालत होती. तिनं सुई खाली ठेवली आणि बापाकडे बघतच राहिली.

लोरियानोनं परवाना स्वतः जाऊन परत दिला. तवा त्याच्या दारावर कायमचा राहिला. टोळीनं नवा आणला. शिकारीच्या दिवशी लोरियानो आता शिकारघरात चुलीपाशी असतो. रस्सा त्याच्याइतका कुणाला जमत नाही, वासावर करतो.

ओकाचा नाका टोळीनं नीवेसला दिला. आस्सुएरोनं आपलं अक्रोड तिच्यापुढे धरलं, पण तिनं ते घेतलं नाही. रीतसर कागद करून तिनं काकांकडून प्लास्टिक घेतलं.

पहिल्या दिवशी ओकाकडून एक गोळी ऐकू आली. लोरियानो हातात पळी घेऊन दारात येऊन उभा राहिला. दुसरी गोळी आली तर समजायचं की पहिली चुकली. दुसरी आली नाही. तरी शिंग वाजेपर्यंत तो आत गेला नाही, रस्सा खाली लागला.

नीवेस वर आली. खांद्यावर काळं प्लास्टिक, बुटांना चिखल.

"काका, डुकराला विचारलं मी."

"काय म्हणालं?"

"फरक कळला नाही म्हणालं."

लोरियानो हसला. समोर ती उभी होती तिथे त्याला राखाडी डागच दिसत होता. मग त्यानं हळूच तोंड वळवलं आणि कडेनं तिला नीट बघून घेतलं.