गुणमालावहिनी मागं बसतात

सांगलीत नेमिनाथ मिस्त्रींच्या मोटार दुरुस्तीच्या कारखान्यावर मी भाड्यानं राहायचो. मी शाळामास्तर; शाळेत पोरांचा कालवा आणि घरी ठोकाठोक, डोकं उठायचं अगदी. पण नेमाण्णा माणूस असा लाख, की खोली सोडवली नाही.

त्यांचा एक नियम होता. ब्रेक बदललेली गाडी घाटातून उतरवून पाहायची, आणि मागच्या सीटवर बायकोला, गुणमालावहिनींना, बसवायचं. "माजी बायकू बसंना त्या गाडीत दुसऱ्याची कशी बसवू?" म्हणायचे. वहिनींना उताराची भयंकर धास्ती. डोळे गच्च मिटून जैनांचा णमोकार मंत्र म्हणायच्या. तरी दर खेपेला ठेवणीतलं लुगडं नेसून आधी जाऊन बसायच्या त्याच.

१९४६ साली इस्लामपूरचे लालासाहेब जुनी शर्यतीची मोटार घेऊन आले. वाऱ्यासारखी पळायची, थांबायचं मात्र तिच्या मर्जीवर. लालासाहेबांना मुंबईच्या दुकानातले चकचकीत ब्रेक हवे होते. नेमाण्णांनी मोडीत निघालेल्या लष्करी गाडीचे रुंद ब्रेक-ड्रम पुढं ठेवले.

"अण्णा, लय रांगडं दिसतंय हो ह्ये!"

"चाकाच्या आत कोन बघतंय? त्यो चकचकीत चार वळनांत तापंल. ह्यो वझं घिऊन डोंगर उतरलाय."

"आन घाटात फसला तर?"

"तर कारखान्याची पाटी उतरवीन. मागं माजीच बायकू असंल, इसरू नगा."

ब्रेक बसले. खंडेनवमीला गाडीची पूजा झाली आणि दसऱ्यानंतर आम्ही कुंभार्ली घाटाकडे निघालो. लालासाहेबांचा ड्रायव्हर कोंडीबा चालवत होता, शेजारी नेमाण्णा; मागं लालासाहेब, वहिनी आणि हौसेनं आलेला मी. घाट पाहायच्या आधीच माझी हौस फिटली.

पाटणच्या अलीकडे एका उतारावर वहिनी म्हणाल्या, "आवं, भजी कोन तळतंय?"

आम्ही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मी.

"हसू नगा. शेंगतेल जळतंय. माज्या नाकाला शिकवू नगा तुमी!"

नेमाण्णा हसले नाहीत. त्यांनी कोंडीबाला गाडी थांबवायला लावली. पुढच्या चाकाचा ड्रम धुमसत होता, आतलं लायनिंग, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारी पट्टी, तेलानं चिंब. कोंडीबाचा चेहरा उतरला. गाडीवर येण्याआधी त्यानं वीस वर्षं बैलगाडी हाकली होती.

"पूजेच्या दिवशी चाक लय कुरकुरत हुतं, अण्णा. बैलगाडीच्या आसाला सोडतो तसं फटीतनं थोडं तेल सोडलं."

तसेच घाटात गेलो असतो तर ब्रेक घसरला असता आणि आम्ही सगळे दरीत. लालासाहेब भडकले. नेमाण्णांनी त्यांना अडवलं. "त्याला बोलू नगा. नवा ब्रेक चार दिस किंचाळतो, ह्ये मी सांगाय पायजे हुतं. चूक माजी हाय."

पाटणला त्यांनी पेट्रोलनं ड्रम धुतला आणि सोबत आणलेलं नवं लायनिंग ठोकायला घेतलं. वहिनींनी भाकरीचं गठुडं सोडलं, दोनदा हाक मारली. ते उठले नाहीत. दिवस मावळला, आणि दिवस मावळल्यावर हे जैन नवरा-बायको अन्नाला शिवत नाहीत. दोघंही उपाशीच राहिले. त्यांच्या वाटणीच्या भाकरी मी खाल्ल्या. आजही त्याची लाज वाटते.

सकाळी न्याहारी करून निघालो. घाटाच्या माथ्यावर लालासाहेबांनी कोंडीबाला बाजूला सारून स्वतः चाक धरलं आणि मुद्दाम गाडी उतारावर भरधाव सोडली. मी सीट घट्ट धरली, देव आठवले. पण दर वळणावर गाडी सांगितल्या जागी, शहाण्या बैलासारखी थांबत गेली. दरी दिसत होती आणि मला मजा वाटू लागली होती!

पायथ्याला नेमाण्णांनी मागं वळून विचारलं, "काय गं, कसा हाय बिरेक?"

भाकरीच्या रिकाम्या गठुड्यावर डोकं टेकून वहिनी गाढ झोपल्या होत्या.

नेमाण्णा बघतच राहिले. त्यांचे डोळे भरून आले. लालासाहेबांना हॉर्न वाजवल्याशिवाय कुठं पोचल्यासारखं वाटत नसे. त्यांनी गुपचूप इंजिन बंद केलं.

"निजू द्या त्यास्नी," ते हळूच म्हणाले.