किल्केनीच्या थडग्यांमधून नदीकडे

ओंगारच्या माझ्या घरून निघतानाच मी ठरवलं होतं: आज आईला किल्केनीचा किल्ला, कॅथेड्रल, जुन्या गल्ल्या सगळं दाखवायचं आणि अधेमधे विचारून टाकायचं. बाबा गेले तेव्हा मी नाशिकला पोचेपर्यंत अस्थी गोदावरीत सोडूनही झाल्या होत्या. आई रागावली आहे का? महिनाभर इथे परदेशात माझ्याकडे राहूनही तिने बाबांचा विषय काढला नव्हता.

स्टेशनाबाहेर एका आजोबांना रस्ता विचारला. "पबपाशी वळा," ते म्हणाले. पण इथे पावलापावलावर पब! गोल फिरून आम्ही पुन्हा त्यांच्यासमोरच हजर. आई म्हणाली, "नकाशा सरळ धरलायस ना?"

अखेर कॅथेड्रल सापडलं. आईने सवयीने दारातच बूट काढले आणि निम्म्यात जाऊन खाली पाहिलं.

"हे काय कोरलंय गं?"

"थडगी आहेत."

"देवळात?"

ती जागीच थबकली. पुढे थडगं, मागे थडगं. "मेलेल्या माणसांवर पाय देऊ होय?" मलाही काय करावं कळेना, मीसुद्धा एकावर उभी होतेच.

तिथला म्हातारा सेवक आईचे बूट हातात घेऊन आला. अडचण ऐकून हसला. "ग्रँड (काही हरकत नाही). त्यांना सवय आहे. माझे वडील बाहेर आवारात आहेत, रविवारी बोलून येतो त्यांच्याशी."

"माझेही वडील गेले," मी सांगितलं.

"ते कुठे आहेत?"

"नदीत," मी म्हणाले.

तो गोंधळला. "मग बोलायला कुठे जाता?"

मी त्याचा प्रश्न आईला मराठीत सांगितला. तिने बूट घातले आणि "माफ करा हं" म्हणत थडग्यांच्या कडेकडेने बाहेर पडली.

किल्ल्याच्या फाटकाशी पोचलो, तर ती खाली पाण्याकडे वळली.

"ही कुठली नदी?"

"नोअर."

"असू दे. पाणी ते पाणीच." मग मोठ्याने म्हणाली, "अहो, पोरगी उशिरा आली म्हणून मी फार रागावले होते. विमान काय तिच्या हातात होतं? आता नाही राग. तुम्हीही धरू नका."

मला रडू आवरेना. किल्ला पाहायचा राहूनच गेला.

आई परत गेली त्या शनिवारी मी घराजवळच्या कालव्यावर गेले. नदी नव्हे ती, पाणी जेमतेम हलणारं. बराच वेळ घुटमळून आईला फोन लावला.

"आई, कालवा चालतो का गं?"

"आधी बोल त्यांच्याशी," ती म्हणाली. "मग मला विचार."