सध्या वाचताय ते पुस्तक सोबत आणा

माझ्या मावशीचं चष्म्याचं दुकान शिंपी आणि घड्याळवाला यांच्या मधल्या गाळ्यात आहे. गाळा इतका चिंचोळा की दोन गिऱ्हाइकं बसली की तिसऱ्याने पाय पोटाशी घ्यायचे. पुढे मावशी डोळे तपासते, मागे पडद्याआड काका काचा घासून फ्रेममध्ये बसवतात. काकांचं यंत्र सुरू असलं की बोलणं ऐकू येत नाही, पण मोक्याचं वाक्य आलं की ते नेमकं बंद पडतं.

जवळचा नंबर काढायला मावशीकडे एक छापील तक्ता होता. वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत जाणारी, आणि मजकूर एकदम बाळबोध: सकाळी लवकर उठावे, हात स्वच्छ धुवावेत. अठ्ठावीस वर्षं ती हेच ऐकत आली होती. अर्ध्या लोकांना खालची ओळ दिसायची नाही. ते अंदाजाने पुढचा शब्द ठोकून द्यायचे. शेवटी एक निवृत्त शिक्षिका नवा चष्मा घेऊन परत आल्या. म्हणाल्या, "बाई, तुमचा तक्ता मला स्वच्छ दिसतो. माझं पुस्तक दिसत नाही. मी घरी तक्ता वाचत बसू का?"

मावशीला ते पटलं. तिने पुठ्ठ्यावर लिहून दारात लावलं: वाचनाचा चष्मा हवा असेल तर सध्या वाचताय ते पुस्तक सोबत आणा.

आता खरं सांगायचं तर मावशीचं आणि पुस्तकांचं कधी जमलंच नव्हतं. शाळा सुटली आणि पुस्तकंही सुटली. पण लोक पुस्तकं घेऊन यायला लागले आणि तिच्या कानांना चटक लागली. एक नर्स कबुतरं पाळण्यावरचं पुस्तक घेऊन आली, आणि तिच्या घरात कबुतर सोडा, पिंजरासुद्धा नव्हता. बेकरीवाला जाडजूड रहस्यकथा घेऊन आला. पानांवर पिठाची बोटं. एक वकीलबाई आल्या, त्यांनी कोर्टाच्या फायलीतून हळूच विनोदांचं पुस्तक काढलं आणि आधी मागे वळून पाहिलं. प्रत्येकाने खूण घातलेलं पान उघडायचं आणि मोठ्याने वाचायचं. नंबर ठरला तरी मावशी म्हणायची, "अजून एक परिच्छेद वाचा, खात्री करून घेऊ."

आतून काका विचारायचे, "खात्री कुणाची? डोळ्यांची की कानांची?"

गिऱ्हाइकाच्या कार्डावर नंबराखाली ती पुस्तकाचं नाव लिहून ठेवू लागली. चष्मा न्यायला माणूस आला की आधी विचारायची, पुढे काय झालं? बाकावर बसलेले बाकीचे कान टवकारायचे. असंच एकदा नर्सचं कबुतरांचं पुस्तक बेकरीवाल्याने मागून नेलं, आणि रहस्यकथा नर्सच्या पिशवीत गेली.

मग एक दिवस ड्रायव्हरकाका आले. चाळीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, आडव्या अंगाचे. त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी लांब धरलं, स्टिअरिंग धरावं तसं, आणि एकसुरी आवाजात वाचलं: "बाईंनी किल्ल्या मोजल्या. सात. मग घरभर फिरून दारं मोजली. सहा."

मावशी काच बदलायची विसरली. "सातवी कुठली?"

"तेच तर," ड्रायव्हरकाका म्हणाले. "इथवर आलो आणि अक्षरं नाचायला लागली. तीन आठवडे झाले. सूनबाईला विचारावं, तर आमचं बोलणं मीठ आण आणि दार लाव एवढंच."

आठ दिवसांत चष्मा तयार झाला. ड्रायव्हरकाका आले नाहीत. मावशीने फोन केला; एका बाईने उचलला, "सांगते त्यांना" म्हणाली. पुन्हा केला, पुन्हा तेच. तिसरा आठवडा उजाडला तेव्हा मावशीला राहवेना. माणूस आजारी तर नसेल? आणि सातव्या किल्लीचाही भुंगा डोक्यात होताच, हे तिने मला नंतर स्वतःहून कबूल केलं. मंगळवारी दुकान दुपारी बंद असतं. चष्मा पर्समध्ये टाकून ती त्यांच्या घरी गेली.

दुसऱ्या मजल्यावरचं घर. दार नुसतं लोटलेलं होतं आणि आतून वाचण्याचा आवाज येत होता. ड्रायव्हरकाका खुर्चीत डोळे मिटून बसलेले. समोर सून, दवाखान्यातल्या नोंदणी खिडकीवर सकाळपाळी करून नुकतीच आलेली, गळ्यात ओळखपत्र तसंच. मावशीने दारावर टकटक करून "चष्मा आणलाय" म्हटलं तशी सून थांबली आणि तिचा चेहरा पडला.

"तुम्ही चष्म्याच्या दुकानातल्या ना," ती म्हणाली. "आवाज ओळखला मी. बाबा, यांचे दोन फोन आले होते. मी तुम्हाला सांगितलं नाही."

"का गं?"

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात, एवढं एकच पान वाचून दाखव. मी वाचलं. मग मलाच राहवेना. चष्मा आला की तुम्ही पुस्तक घेऊन खिडकीत बसणार, आणि मी पुन्हा स्वयंपाकघरात."

ड्रायव्हरकाकांनी डोळे उघडले. म्हणाले, "आठ दिवसांत तयार होतो म्हणाल्या होत्या या. बोटावर मोजता येतं मला. मी तरी कुठे विचारलं?"

सून त्यांच्याकडे बघतच राहिली. मग हसू आवरत म्हणाली, "बसा ना ताई. चहा टाकते."

"चहा राहू दे," मावशी म्हणाली. "सातवी किल्ली सापडली का?"

"परवाच. शेजारच्या घराची होती. आधीच्या भाडेकरूला शेजारणीने विश्वासाने दिलेली. आता बाईंपुढे प्रश्न असा की परत करायची, की आधी एकदा उघडून बघायचं."

"मी परत केली असती," ड्रायव्हरकाका म्हणाले.

"मी नाही," सून आणि मावशी एकदमच म्हणाल्या.

मावशी बसली. पाऊण तास वाचन ऐकलं. आणि ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं की सून पुस्तक हळूहळू लांब नेतेय, दर ओळीला मान मागे घेतेय, मध्येच डोळे चोळतेय. पान संपल्यावर तिने विचारलं, "वय काय हो तुमचं?"

"त्रेचाळीस. का?"

"चाळिशी लागलीय तुम्हाला. उद्या दुकानात या. आणि हे पुस्तक घेऊनच या."

ड्रायव्हरकाकांचा चष्मा मावशीने टेबलावर ठेवला. कुणी त्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सून आली. तिचा नंबर निघाला, आणि तीन पानं वाचून झाली तेव्हा बाकावर आणि दाराबाहेर मिळून पाच माणसं खोळंबली होती. त्यांच्यापैकी कुणीही तक्रार केली नाही. काका पडद्यातून डोकं काढून म्हणाले, "बाईंनी उघडलं का दार?"

पुढे तो चष्मा टेबलावरून हलला. सूनबाई कामावर गेल्या की ड्रायव्हरकाका तो लावून सकाळी पुढची पानं चोरून वाचतात आणि दुपारी काही माहीत नसल्यासारखे ऐकायला बसतात. "मला कळतं," सूनबाईंनी मावशीला सांगितलं. "गमतीची जागा यायच्या आधीच त्यांचं पोट हलायला लागतं. मी काही बोलत नाही."

मावशी दर मंगळवारी जाते. मध्यंतरी तिने एक पुस्तक विकत आणलं, आयुष्यातलं पहिलं, आणि मला फोन करून कुरकुरली, "अगं, सुरुवातीची वीस पानं काहीच होत नाही. सगळे असेच लिहितात का?" तिला आजवर फक्त मधली पानं माहीत. मी म्हटलं, जरा दम धर. परवा विचारलं तर साठाव्या पानावर होती, आणि पुस्तकातला एक दीर मुळीच बरा वाटत नाही म्हणाली.

ड्रायव्हरकाकांकडे सध्या तिसरं पुस्तक चालू आहे. या वेळी निवड सूनबाईंची: एका बाईने सायकलवरून केलेला लांबचा प्रवास. ड्रायव्हरकाकांना ते पसंत नाही. प्रत्येक वळणावर ते सांगतात की इथे तिने ब्रेक आधी दाबायला हवा होता, आणि सूनबाई बोट ओळीवर ठेवून त्यांचं होईपर्यंत थांबतात.