शेवटचा शब्द न गाणारा मेहुणा

माझ्या धाकट्या मेहुण्याइतका बेसूर माणूस नागपुरात दुसरा झाला नाही, आणि स्वतःच्या गाण्यावर इतका खूश माणूस तर अख्ख्या विदर्भात नसेल. वीज खात्यातून निवृत्त होताच त्याने एक जुनी बाजाची पेटी घेतली. तिचा भाता फाटका, याचा आवाज त्याहून फाटका. बारसे असो की तेरवी, पेटी काखोटीला मारून हा हजर. एकदा वरातीत त्याने बँडवाल्यालाच अडवले, "सूर कुठं चालला गा तुहा?" बँडवाल्यांनी त्याला पेटीसकट रिक्षात बसवून घरी पाठवले.

नंदनवनात बौद्धिक अपंगत्व असलेल्या मोठ्या मुलामुलींची एक दिवसशाळा आहे. माझी छत्तीस वर्षांची मुलगी सुमी तिथे जाते. ती बोलत नाही. दर मंगळवारी मेहुणा तिथे फुकट 'संगीतोपचार' करायचा. गाणी स्वतःच जुळवलेली: 'ताट मांडा, वाटी मांडा, पेल्यामध्ये ओता...' आणि तिथे गाडी बंद. पेटीचा सूर दाबून धरून हा नुसता बसून राही. स्वतःचेच गाणे विसरणारा गवई मी पहिल्यांदाच पाहिला.

"काहून थांबतं गा?" मी सगळ्यांसमोर विचारले. "याद नाही राहत तर लिहून आणत जाय!"

"थांबून राहिलो, भाऊजी. तुमी बी थांबा."

मी थांबलो नाही. मी शाळेच्या समितीवर होतो. 'यांस गाणे पुरे येत नाही, प्रमाणपत्रही नाही,' असे पत्र मी लिहिले आणि त्याचा वर्ग बंद झाला.

पुढच्या महिन्यात जेवताना सुमीला पाणी वाढत होतो. टिंगल म्हणून ते गाणे मी नाकात म्हटले, त्याच्यासारखाच थांबलो आणि हसलो. सुमी ताटावरून मान न उचलता म्हणाली, "पानी."

तिच्या तोंडून मी ऐकलेला तो पहिला शब्द.

तसाच त्याच्या घरी गेलो. त्याने तो शब्द तीनदा माझ्याकडून वदवून घेतला, मग डोळे पुसले. "दोन वर्षं लागले, भाऊजी. आधी नुसती माह्या तोंडाकडं पाहे. मंग ओठ हालाले लागले, अन् तुमचं पत्र आलं. शेवटचा शब्द आपण नाही गावा, त्यायच्यासाठी ठेवावा. तुमाले सांगतलं असतं, पण तुमी मधात लय बोलता."

त्याचा वर्ग पुन्हा सुरू करा, असे दुसरे पत्र मी समितीला दिले. ठराव झाला आहे, आता बदलता येत नाही, म्हणाले. आता प्रमाणपत्रवाले शिक्षक येतात आणि सगळी गाणी शेवटपर्यंत गातात. सुमीला मी दर मंगळवारी मेहुण्याच्या घरी नेतो. वर्गातल्या बाकी अकरा जणांना तिथे कोणी आणत नाही. त्यांच्यापैकी कोणाच्या ओठांशी कोणता शब्द येऊन थांबला होता, ते मेहुण्याला ठाऊक आहे. त्याला विचारायची मात्र माझी अजून हिंमत झालेली नाही.