उंच केलेली गाडी

आडरानात फिरायचं खूळ डोक्यात शिरलं आणि मी माझी साधीसुधी मोटारसायकल यवतच्या गॅरेजात उंच करून घेतली. मागचे शॉकअप लांब, टायर खाचांचे, हँडल वर. रुबाब तर विचारूच नका. फक्त माझे पाय जमिनीला टेकेनात.

निमोणे माझी सासुरवाडी. वाटेत ओळखीच्या म्हाताऱ्यांनी गाडीवर बसायला हात केला, की मी नुसता हसून पुढं जायचो. थांबलो असतो तर आडवाच झालो असतो. गावात पाय टेकण्याजोगा ओटा एकच, सासऱ्यांचा.

एकदा एका आप्पांनी चारचौघांत गाठलं. ‘‘पाव्हणं, आमी हात केला की दात दाखवता, आन् सासऱ्याच्या दारात बरं थांबता!’’

मी पुन्हा दात दाखवले. पाय पुरत नाहीत म्हणण्यापेक्षा माजोरी जावई ठरलेलं परवडलं.