पंख्याचा कान आणि माझं तोंड

शुक्रवारी घोडेगावच्या बाजारात एका कुत्र्यानं माझ्याकडं बघून दात विचकले... आणि त्याचं बरोबर होतं. का, ते सांगतो.

तुम्हाला माहीतच आहे, इंटरच्या वर्षाला सरांशी भांडून मी नगरचं कॉलेज सोडलं. गावी आल्यापासून दोनच उद्योग... वडलांची बोलणी खायची आणि पंख्याला घेऊन हिंडायचं. पंख्या म्हणजे माझा कुत्रा. कान इतके लांब की पळताना पंख्यासारखे हलतात.

हिंडायची वाट ठरलेली, सखूआत्याच्या दारावरून. आत्या सगळ्या गावाचीच आत्या. शेरडं राखून पोट भरते. तिच्याकडं तिची भाची राहते... नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील.

भाचीच्या नजरेत पंख्या चकचकीत भरावा म्हणून मी त्याला रोज साबण फासून विहिरीवरच्या हौदात बुचकळायचो आणि ओल्या अंगानंच मिरवायला न्यायचो. तिनं एकदा हसून बघितलं होतं. कुत्र्याकडं की माझ्याकडं, ते अजून ठरलेलं नाही.

मध्यंतरी पंख्या सारखा डोकं झटकायला लागला. कान खाजवून खाजवून लालभडक. आत तपकिरी, चिकट घाण, आणि जवळ गेलं की आंबलेल्या पिठासारखा वास. मी लगेच निकाल दिला... खरूज!

आणि ती दिली कुणी? आत्याच्या भुऱ्यानं. भुऱ्या तिच्या शेरडांचा राखणदार कुत्रा, पाठीवर तळहाताएवढ्या जागेत केस नाहीत. एवढा पुरावा मला पुरला.

पारावर माणसं बसली होती, आत्या पाण्याची घागर घेऊन चालली होती, मागं भुऱ्या. मी तिथंच तोंड सोडलं. "आत्या, तुझ्या खरजुल्या कुत्र्यानं माझ्या कुत्र्याची वाट लावली! उद्या गावातल्या पोरांना झाली म्हंजे?"

"आरं बाबा, पिल्लू हुतं तवा जळतं लाकूड पडलं त्याच्या पाठीव," आत्या म्हणाली. "त्यो डाग हाय. खरूज न्हाई."

मी कुठला ऐकतोय... वर भुऱ्याला दगडही हाणला. कॉलेजात शिकलेला पोरगा सांगतोय म्हटल्यावर लोकांनाही पटलं. "घालव त्याला कुठंतरी," असा सगळ्यांनी आत्याच्या मागं धोशा लावला. शेवटी बाजारला निघालेल्या एका गाडीवाल्यानं भुऱ्याला घोडेगावला नेऊन सोडलं. भाची दारात उभी राहून गाडीकडं बघत होती. लाज वाटते सांगायला, पण त्या वेळी मला जिंकल्यासारखं वाटलं.

इकडं पंख्याच्या कानात मी इंजिनचं जळकं ऑइल ओतलं. खरजेवर आमच्याकडं तेच लावतात. बिचारा केकाटत अंगणभर लोळला. कान सुजून दुप्पट झाला, तेव्हा घाबरून त्याला तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी कान उलटा करून सरळ वास घेतला. कातडी थोडी खरवडून काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली बघितली.

"ऑइल कुणी घातलं?"

"मी."

"मग औषध आधी तुलाच द्यायला पाहिजे. रोज पाण्यात घालतोस का याला?"

"हो... चकचकीत दिसावा म्हणून."

"आणि कान पुसतोस?"

"नाही."

डॉक्टर म्हणाले, खरूज नाही, ही बुरशी आहे, यीस्ट म्हणतात तिला. थोडीफार कातडीवर असतेच. पण असे लोंबते कान, आत वारा नाही, रोजची ओल... मग ती माजते. त्यांनी हलक्या हातानं ऑइल आणि घाण काढली, कान कोरडा केला, आत जांभळं औषध लावलं. घरी रोज लावायला दिलं. बरं वाटलं तरी मधेच सोडायचं नाही, कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि कापसाची काडी आत खुपसायची नाही, एवढं बजावलं.

मी दारातून परत फिरून विचारलं, "दुसऱ्या कुत्र्याकडून लागली असेल का?"

"नाही रे. ही लागत नाही अशी. ही तुझ्या हौदाची."

गावात पोचलो तर कळलं, लांडग्यानं आत्याचं करडू नेलं. राखायला कुत्राच नव्हता...

दुसऱ्याच दिवशी शुक्रवार. सायकल काढली आणि घोडेगाव गाठलं. भुऱ्या बाजारतळाच्या कडेला एका हॉटेलामागं बसलेला सापडला, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. मी भाकरी टाकली, हाका मारल्या. त्यानं दात विचकले आणि मागं मागं सरकत गेला. भाकरीला तोंड लावलं नाही. दगड मारणारा हात तो कसा विसरेल?

तसाच परत आलो, आत्याच्या दारात उभा राहिलो. भाची बाहेर आली. मान खाली घालून सगळं सांगितलं. वाटलं, रडेल, शिव्या देईल.

ती एवढंच म्हणाली, "हे इथं कशाला सांगतोस? पारावर बोलला होतास ना? पारावर जाऊन सांग."

गेलो. जांभळ्या कानाचा पंख्या सोबत होता. तोंड उघडेना... पण सांगितलं. कुणी हसलं, कुणी म्हणालं, "व्वा रं कॉलेजवाल्या!" एक म्हातारबाबा मात्र पुटपुटले, "आमीबी ऐकलंच की त्याचं."

मग आत्याला कॅरिअरवर बसवून पुन्हा घोडेगावला. तिनं लांबूनच "भुऱ्याऽ" म्हटलं, आणि ते कुत्रं जे धावत आलं... मला तिकडं बघवेना. आत्या त्याच्या पाठीवरचा तो डाग कुरवाळत होती.

करडू काही परत येणार नाही. पंख्याचा कान आता सुकत चाललाय. भाची माझ्याशी बोलत नाही, आणि तिनं बोलावं असं मी काही केलेलंही नाही.

पण माझं ते ओरडणं पारापुरतं राहिलं नव्हतं. बाजारात, शेजारच्या गावांत, तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या कानावर ते गेलंय. त्या सगळ्यांसाठी हे लिहिलं... भुऱ्याला खरूज नव्हती. आत्या खरं सांगत होती.